हवाईची टोकनं आणि इंदूरचा पावसाळा: सुरुवातीच्या संचाची पारख

नाणी-पदकं जमवायला बसलेल्या नवख्यांसाठी ऑनलाइन एक संच विकला जातो. विक्रेत्यागणिक नाव बदलतं, आतला माल तोच: १२० खिशांचा अल्बम, वीस गोल प्लास्टिक डब्या, पन्नास पुठ्ठ्याच्या चौकटी, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा, दिवा लावलेलं भिंग, पांढरे सुती हातमोजे आणि चकाकी आणणारं एक कापड. हवाई बेटांची स्मरणिका पदकं आणि टोकनं जमवणाऱ्याला, तेही इंदुरात राहणाऱ्याला, हा संच कितपत उपयोगी पडतो एवढंच इथे पाहायचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: काटा आणि डब्या ठेवा, अल्बम परत पाठवा, कापड स्कूटरच्या आरशाला लावा.

हवाईचाच माल का, तर या संचाची खरी परीक्षा त्याच मालावर होते. एकाच प्रकारचं नाणं तिथे तीन रूपांत समोर येतं. हवाईचा राजा कलाकाऊआ १८८१ साली जगाच्या फेरीवर निघाला होता, त्या फेरीत कलकत्ता आणि मुंबईही त्याने पाहिली. दोन वर्षांनी, १८८३ साली, त्याच्या नावाची चांदीची नाणी सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पडली. नाण्यावरच्या चेहऱ्याचं कोरीवकाम चार्ल्स बार्बरचं. उमी केनेटा म्हणजे दहा सेंट, हापाहा म्हणजे पाव, हापालुआ म्हणजे अर्धा आणि आकाही डाला म्हणजे एक डॉलर. सगळी मिळून बरोबर दहा लाख डॉलरची नाणी होती. पुढे बेटं अमेरिकेत गेली, नाणी परत घेऊन वितळवली गेली. पाच लाख डालांपैकी ४६,३४८ उरले, सात लाख हापालुआंपैकी ८७,७५५. उमी केनेटा मात्र जवळजवळ सगळीच्या सगळी वाचली, अडीच लाखांतली जेमतेम ७९ परत आली.

हे झालं खरं नाणं. दुसरं रूप हौशी लोकांचं. रेजिनाल्ड हुथ नावाच्या इंग्रज संग्राहकाने लंडनच्या पदकं पाडणाऱ्या पिंचेस कंपनीकडून राणी लिलिउओकलानीच्या नावाचे डाला पाडून घेतले. ते कधी चलनात नव्हते, पण आता जुने आणि दुर्मिळ म्हणून महाग आहेत. तिसरं रूप म्हणजे पर्यटकांच्या दुकानातली नक्कल: पितळ, तांबे-निकेल, कधी जस्ताचा ओतीव तुकडा, तोच राजा आणि तेच १८८३. अमेरिकेत १९७३च्या कायद्याने नकलेवर ‘कॉपी’ असं कोरणं सक्तीचं केलं, पण त्याआधीच्या नकलांवर तो शब्द नसतो. फोटोत खरं नाणं आणि नक्कल सारखीच दिसतात. काट्यावर ठेवली की बहुधा लगेच वेगळी होतात.

म्हणून सुरुवात काट्यापासून. संचातला काटा बहुधा २०० ग्रॅमचा असतो आणि वाटतो त्यापेक्षा चांगला निघतो, फक्त त्याला नीट बसवावं लागतं. टीपॉयवर नको, स्वयंपाकघरातल्या दगडी ओट्यावर ठेवा. पंखा बंद करा; पंख्याच्या वाऱ्याने शेवटचा आकडा नाचत राहतो आणि लोक काट्याला दोष देतात. सेल उतरायला लागले की वाचन हळूहळू एका बाजूला सरकतं, तेव्हा दर बैठकीआधी एखादी ओळखीची वस्तू ठेवून पाहा. प्रमाण वजन मिळालं तर उत्तम. नसेल तर दहा रुपयांचं नवंकोरं नाणं चालेल, त्याचं ठरलेलं वजन ७.७ ग्रॅमच्या आसपास आहे. काटा ७.५ दाखवत असेल तर पुढे मोजायचे कष्ट घेऊ नका.

आता आकडे. खरा आकाही डाला २६.७३ ग्रॅमचा, ३८.१ मिलिमीटर व्यासाचा, ९०० शुद्धतेच्या, म्हणजे हजारात ९०० भाग चांदीचा. हापालुआ साडेबारा ग्रॅम, हापाहा सव्वासहा, उमी केनेटा अडीच. झिजलेल्या नाण्यात थोडी घट धरायची, पण दोन-तीन ग्रॅमची घट झिजेने होत नाही. डालाएवढ्याच आकाराची तांबे-निकेलची नक्कल २३ ग्रॅमच्या आसपास भरते, पितळेची २२ च्या, ॲल्युमिनियमची तर सातच. म्हणजे विक्रेत्याला फोटो मागण्याआधी वजन विचारायचं. वजन सांगायला टाळाटाळ करणाऱ्याकडून डाला घेऊ नये, मग भाव कितीही पाडलेला असो.

वजन जुळलं तरी काम संपलेलं नसतं, कारण जरा जाड नक्कल वजनात बसवता येते. त्यासाठी पाण्यातलं वजन. पद्धत सोपी आहे, चुका मात्र नेहमी त्याच होतात. पहिली चूक भांड्याची: २०० ग्रॅमच्या काट्यावर स्टीलचा पेला पाण्याने भरून ठेवला की काट्याची मर्यादा तिथेच संपते. पातळ प्लास्टिकचा ग्लास घ्या, शंभर मिलिलिटरच्या आत पाणी, त्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे नाण्याला बुडबुडे चिकटत नाहीत. ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याने टांगून पूर्ण बुडवा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. टेकलं की नाण्याचंच वजन काट्यावर येतं आणि सगळा हिशेब वाया जातो. काटा आता जो आकडा दाखवेल त्याने कोरडं वजन भागायचं. खऱ्या डालाला आकडा २.५९ च्या आसपास येतो आणि भागाकार, म्हणजेच धातूची घनता, १०.३ निघतो. तांबे-निकेलला ८.९, पितळेला ८.५. तीनदा मोजा, सरासरी घ्या.

या पद्धतीची मर्यादाही माहीत हवी. हा काटा ०.०२ इकडेतिकडे होणारच. डालाच्या बाबतीत त्यामुळे उत्तर १०.२ ते १०.४ मध्ये फिरतं, निकाल बदलत नाही. अडीच ग्रॅमच्या उमी केनेटाला मात्र पाण्यातला आकडाच ०.२४ येतो, तिथे ०.०२ चुकलं की उत्तर ९.६ ही निघेल आणि ११.४ ही. म्हणजे दहा सेंटच्या नाण्यावर ही चाचणी करण्यात अर्थ नाही; तिथे भिंग आणि व्यास हाच आधार. मीनाकारी केलेल्या, रंगवलेल्या किंवा दोन धातू जोडून बनवलेल्या टोकनालाही पाण्यात घालू नका. चाचणी झाली की नाणं सुती कपड्यावर टेकवून टिपायचं, घासायचं नाही.

‘सिल्व्हर’ या शब्दाबद्दल इथेच बोलून घ्यावं. हवाईची जी स्मरणिका टोकनं सगळ्यात जास्त फिरतात ती ‘ट्रेड डॉलर’ प्रकारची. गावोगावच्या व्यापारी मंडळांनी काढलेली, ठराविक तारखेपर्यंत त्या भागातल्या दुकानांत एका डॉलरला चालतील असं कोरलेली. तारीख उलटली की ती निव्वळ आठवण म्हणून राहतात. व्यास बहुधा ३९ मिलिमीटर. एकच ठसा चार-पाच धातूंत निघतो: पिवळं पितळ, काळवंडवलेलं तांबं, निकेल सिल्व्हर आणि थोडी खरी चांदीची. निकेल सिल्व्हर म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर. तांबं, निकेल आणि जस्त, चांदीचा कणही नाही. विक्रेता ‘सिल्व्हर’ लिहून मोकळा होतो आणि घेणारा फसतो. चांदीच्या तुकड्यावर बहुधा ९९९ कोरलेलं असतं आणि एक ट्रॉय औंसाचा असेल तर तो ३१.१० ग्रॅम भरायला हवा. जर्मन सिल्व्हरचा त्याच आकाराचा तुकडा बराच हलका भरतो. ‘सिल्व्हर टोन’, ‘सिल्व्हर फिनिश’, ‘सिल्व्हर क्लॅड’ यांतला कोणताही शब्द दिसला की ते पितळेचं किंवा तांब्याचं आहे असं धरूनच भाव करा. पितळेचं टोकन घ्यायला हरकत काहीच नाही, माझ्या मते काळवंडवलेल्या तांब्यावर कोरलेला व्हेल मासा चांदीवरच्यापेक्षा उठून दिसतो. पण भाव पितळेचा द्या.

व्यास मोजायला संचात काहीच दिलेलं नसतं, हा या संचाचा मोठा दोष. डिजिटल व्हर्नियर वेगळा घ्यावाच लागतो. ३८.१ आणि ३९ मधला फरक डोळ्याला दिसत नाही, डबीला मात्र कळतो.

डब्यांबद्दल. संचातल्या वीस डब्या कडक, पारदर्शक आणि चांगल्या असतात, पण त्यांची मापं भारतीय नाण्यांच्या हिशेबाने दिलेली असतात. २३, २५, २७ मिलिमीटरच्या बऱ्याच, आणि मोठ्या जेमतेम दोन-चार. हवाईच्या संग्रहात उलटं होतं, बहुतेक तुकडे ३९ चे आणि लहान थोडेच. काही संचांत एकच मोठी डबी आणि आत वेगवेगळ्या भोकांची फोमची कडी देतात. ती सोय दिसायला बरी, पण फोम जुना झाला की भुगा होतो आणि कडेवर काळपट वर्तुळ उमटतं. कडी लागणारच असेल तर पॉलिथिलीनची आहे का ते विचारून घ्या. आणखी एक गोष्ट जाडीची. उठावदार पदक तीन मिलिमीटरपेक्षा जाड असतं. नाण्याच्या डबीचं झाकण त्यावर जोराने दाबलं की ते पदकाच्या सगळ्यात उंच भागावर, म्हणजे नेमकं राजाच्या गालावर आणि मिशीवर घासतं. झाकण दोन बोटांच्या सहज दाबाने बसलं नाही तर ती डबी त्या पदकाची नाही.

डबीत घालताना नाणं कडेने धरा. हातमोज्यांची फार तारीफ होते, पण सुती हातमोज्यातून गुळगुळीत पदक सटकतं आणि फरशीवर पडल्यावर कडेला जो ठोका बसतो तो कायमचा. हात धुऊन, कोरडे करून, खाली जाड टॉवेल अंथरून काम करणं जास्त बरं. सकाळचे पोहे-जिलबी झाल्यावर हात न धुता संग्रह उघडणाऱ्याच्या तांब्याच्या टोकनावर महिन्याभरात अंगठा उमटतो, शेवेचं मीठ आणि तेल दोन्ही त्यात असतं.

आता अल्बम. १२० मऊ खिसे, हाताला गार आणि लवचीक, उघडला की नव्या रेनकोटसारखा वास. तो वास म्हणजेच पीव्हीसी. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे मिसळतात ते हळूहळू बाहेर झिरपतं, आणि पीव्हीसी स्वतः तुटताना आम्ल सोडतं. तांबं, पितळ, तांबे-निकेल या तिन्हींवर त्याचा हिरवट, चिकट थर बसतो. हवाईची बहुतेक टोकनं नेमकी याच जातीच्या धातूंची. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हे झिरपणं वेगाने होतं, मग जूनच्या मध्यापासून ओल येते आणि उरलेलं काम पूर्ण करते. चांदीच्या नाण्याला अशा खिशात दोन-तीन वर्षं कदाचित काही दिसणार नाही. पितळेच्या टोकनाला एक पावसाळा पुरतो.

अल्बम पीव्हीसीचा आहे की नाही, याची खात्री करायची तर तांब्याची तार चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत लाल करा, खिशाच्या कोपऱ्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर प्लास्टिकात क्लोरीन आहे, म्हणजे ते पीव्हीसी. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात घेऊ नका, तुकडा नखाएवढाच पुरे. पर्याय म्हणून पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे खिसे मिळतात. ते जरा कडक असतात, चुरगळले की कागदासारखा आवाज करतात आणि वास येत नाही. पॉलिएस्टरच्या खिशाची कड धारदार असते, तुकडा सरकवताना ओढू नका, खिसा फाकवून आत सोडा.

आधीच हिरवा थर बसला असेल तर शुद्ध ॲसिटोन. नेल पॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात सुगंध आणि तेल मिसळलेलं असतं. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात अर्धा लिटरची बाटली मिळते. काचेच्या वाटीत टोकन बुडेल एवढं घ्या, वर काचेचं झाकण, पंधरा-वीस मिनिटं. मग दुसऱ्या वाटीत नव्या ॲसिटोनमध्ये एकदा बुडवून काढा आणि उभं करून हवेत वाळू द्या. कापूस लावायचा नाही, चोळायचं नाही. प्लास्टिकची वाटी वापरलीत तर ती विरघळून टोकनावर बसू शकते. घरात देवासमोर निरांजन असेल, शेजारी गॅस असेल तर हे काम गच्चीवर करा, ॲसिटोनची वाफ चटकन पेट घेते. रंगीत, मीनाकारीच्या किंवा लाखेचा पातळ लेप असलेल्या पदकावर ॲसिटोन अजिबात नको. बऱ्याच चमकत्या पितळी टोकनांवर असा लेप असतो, तो गेला की चकाकीही जाते. थर निघाल्यावर खाली धातू खड्डे पडून खाल्लेला दिसला तर तो भरून येत नाही. तेवढं नुकसान तसंच राहतं.

पुठ्ठ्याच्या चौकटी निम्म्या कामाच्या. त्यांची मोठ्यात मोठी खिडकी ३९.५ मिलिमीटरची असते, तेव्हा ३९ चं टोकन बसतं पण अगदी चिकटून. त्याहून मोठं पदक बसवू नका. चौकट बंद करायच्या दोन पद्धती. गोंदाच्या चौकटी इंदूरच्या उन्हाळ्यात दगा देतात, गोंद मऊ होऊन खिडकीत सरकतो. स्टेपलवाल्या चौकटी बऱ्या, फक्त स्टेपलची उठलेली टोकं पक्कडीने सपाट करा. नाहीतर पेटीत शेजारच्या चौकटीच्या खिडकीतून आत घुसून तिथल्या टोकनावर चरा पाडतात. साधे स्टेपल पावसाळ्यात गंजतात, वर्षातून एकदा पाहून बदलायचे. काढताना स्टेपल ओढू नका, चौकट कात्रीने कापून टाका. दोन रुपयांच्या पुठ्ठ्यासाठी टोकनाला ओरखडा कशाला.

भिंगावर ६० पट लिहिलेलं असतं. असू दे. दहा पटीचं चांगलं भिंग याहून कामाचं, आणि संचातलं हे फार तर तेवढं दाखवतं. त्यातून पाहायचं काय, तर १८८३च्या नाण्यांवर सगळ्यात आधी वरची आणि खालची कड. ही नाणी दागिन्यांत फार गेली: मीना भरून ब्रूच, बटणं, घड्याळाच्या साखळ्या. आपल्याकडे राणीछाप रुपयाला कडी लावून हारात ओवायचे तसंच. कडी काढली की डाख राहतो, तो कानशीने घासला की तिथल्या कडेच्या बारीक रेघा सपाट होतात, आणि सारखं दिसावं म्हणून मग सगळं नाणं पॉलिश केलं जातं. बारा आणि सहाच्या जागी, आणि मागे मध्यभागी जिथे पिन बसते तिथे, रंग किंवा पोत बदललेला दिसला तर ते उतरवलेलं दागिन्याचं नाणं. बनावट नसतं, पण त्याचा भाव बिनडागी नाण्याच्या बराच खाली असतो.

१८४७चा तांब्याचा सेंट याच भिंगाखाली पाहण्यासारखा. तिसऱ्या कामेहामेहाच्या नावाचे एक लाख सेंट मॅसॅच्युसेट्सच्या ॲटलबरोत पाडले होते, राजाचा चेहरा ओळखू न येण्यासारखा आणि मूल्याचा शब्दसुद्धा चुकीच्या स्पेलिंगचा. लोकांनी तो नाकारला. आज त्याच्याच स्मरणिका नकला उदंड आहेत. खरा तांब्याचा आहे, २७ मिलिमीटर. पिवळा, हलका आणि अक्षरं साबणाच्या वडीसारखी गोलसर असेल तर नक्कल. ओतीव नकलेच्या सपाट भागावर टाचणीच्या टोकाएवढे खळगे दिसतात, ठशाने पाडलेल्या नाण्यावर ते नसतात.

साखरमळ्यांच्या टोकनांना तर जास्तच जपून हात लावावा. वाइलुकु मळ्याची १८७१ आणि १८८०ची, हाइकूची १८८२ची, ग्रोव्ह रँचची १८८६-८७ची, काहुलुई रेल्वेची १८९१ची ही संग्राहकांची खरी श्रीमंती. काहींचं मूल्य साडेबारा सेंट, कारण जुना स्पॅनिश रियाल तेवढ्याचा. त्यानंतरचे ‘बांगो’, म्हणजे मजुरांच्या नंबराचे बिल्ले. जपानी भाषेत बांगो म्हणजे क्रमांक. मजुराला नावाऐवजी नंबर, आणि जपानी, चिनी, फिलिपिनो, पोर्तुगीज यांच्या बिल्ल्यांचे आकारही वेगळे. हे बिल्ले आठवण म्हणून पुन्हा बनवलेलेही मिळतात. मजुराच्या गळ्यात किंवा कमरेला वर्षानुवर्षं लटकलेल्या बिल्ल्याचं भोक एका बाजूने झिजून लांबट होतं. भोक गोल, कड तीक्ष्ण आणि बाकी बिल्ला मात्र ‘जुनाट’ असेल तर हात आखडता घ्या.

दाबलेल्या पेनीला या संचात जागाच नाही आणि हवाईहून येणारी सगळ्यात स्वस्त स्मरणिका तीच. पर्यटनस्थळावरच्या यंत्रात एक सेंट घालून हँडल फिरवलं की तो लांबट होऊन त्यावर हुला नर्तकी किंवा अननस उमटतो. इथेही काटाच उपयोगी. नाणं चेपलं तरी वजन तेवढंच राहतं: ३.११ ग्रॅम भरलं तर आतलं नाणं तांब्याचं, म्हणजे १९८२ किंवा त्याआधीचं, २.५ भरलं तर जस्ताचं, वर तांब्याचा मुलामा. दाबताना हा मुलामा फाटतो आणि करड्या रेघा दिसू लागतात. त्या रेघा म्हणजे उघडं जस्त, ते दमट हवेत पांढरं पडून फुगतं. म्हणून हवाईला जाणाऱ्या नातेवाइकाकडून मागवायचं असेल तर जुन्या, १९८२ आधीच्या चार पेनी त्याच्याजवळ देऊन ठेवा.

इंदुरातल्या माणसाला संचाखेरीज एक जादा सोय आहे, सराफा बाजार. रात्री गराडू आणि भुट्ट्याचा कीस, पण दिवसा तिथे चांदीची पारख करणारी पिढीजात दुकानं उघडी असतात. तिथे जायचं ते दुपारी, आणि काय करून हवं ते नेमकं सांगून. ‘भैया, टंच नहीं निकालना, सिर्फ काँटे पे देख दो’ हे वाक्य आधी; टंच म्हणजे कसोटीवर घासून काढलेली शुद्धता. कारण कसोटीवर घासलेल्या नाण्याच्या कडेवर रेघ राहते. सराफाला ते मोडीचं वजन दिसतं, त्याच्या धंद्यात रेघेने काही बिघडत नाही. हॉलमार्किंग केंद्रातलं एक्स-रे यंत्र रेघ न मारता धातू सांगतं, तेव्हा डालासारख्या महाग तुकड्याला तो खर्च परवडतो. एवढंच ध्यानात ठेवा की ते यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. जाड मुलामा दिलेलं पितळही ते चांदी म्हणून दाखवू शकतं. कडेवरच्या झिजलेल्या जागी वाचन घ्यायला सांगा आणि ते पाण्यातल्या वजनाशी ताडून पाहा; दोन्ही जुळली तरच खरं. परत देताना नाणं गुलाबी कागदात गुंडाळून मिळतं. घरी पोचताच तो कागद काढा, ओल लागली की त्याचा रंग उतरतो. आणि कुणी आपुलकीने ‘चमकवून देतो’ म्हणालं तर हात जोडा. रिठा आणि ब्रश पैंजणांना, चिंच आणि पितांबरी तांब्याभांड्यांना. नाण्यावर यातलं काहीही लागलं की त्याची मूळ झळाळी जाते आणि निम्मा भाव तिच्याबरोबर. संचातलं कापड याच रांगेतलं.

साठवणीची जागा: फळी प्लायवूडची किंवा एमडीएफची नको, तिच्यातून आम्लाची वाफ निघत राहते आणि जस्त, शिसं त्याने पांढरं पडतं. स्टीलची घट्ट झाकणाची पेटी, आत डब्या, सोबत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पन्नास ग्रॅमच्या दोन पुड्या. पावसाळ्यात दर पंधरवड्याला पाहा. नारिंगी जेल हिरवं झालं किंवा निळं गुलाबी झालं की दाणे स्टीलच्या ताटात पसरून ओव्हनमध्ये सव्वाशे अंशाच्या आत दोन तास. कागदी पुडीसकट तापवू नका. रबरबँड पेटीत ठेवू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

किमतीचं म्हणाल तर पूर्ण संच घेण्यापेक्षा सुटं घेतलेलं परवडतं. ०.०१ ग्रॅमचा काटा हजार रुपयांच्या आत मिळतो, शक्य असेल तर ५०० ग्रॅम क्षमतेचा. त्यावर व्हर्नियर, ३९ च्या डझनभर डब्या, चाळिशीच्या पुढच्या दोन-तीन. अल्बमवाचून काही अडत नाही.

शेवटचा मुद्दा अदलाबदलीचा. परदेशातला संग्राहक हवाईच्या टोकनाच्या बदल्यात हमखास इंदूरचं काही मागतो, आणि मल्हारनगर टांकसाळीचा सूर्यमुखी रुपया दिसला की हटूनच बसतो. तो पाठवता येत नाही. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ते घरच्या देव्हाऱ्यातलं का असेना. बदल्यात शंभर वर्षांच्या आतली पदकं, कँटीनची किंवा बसची टोकनं द्या. पाठवताना तुकडा खिशासकट दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये चारही बाजूंनी चिकटवा. पाकिटात सुटं टाकलेलं टोकन छाटणीच्या यंत्रात कोपरा फाडून बाहेर पडतं आणि पलीकडे नुसतं पाकीट पोचतं.